शेजारच्या टेबलावरचा पगार

पुण्यात नोकरी बदलताना एचआरचा पहिला फोन येतो, नाव-गाव विचारून होतं न होतं तोच प्रश्न येतो, "करंट सीटीसी किती?", म्हणजे आत्ता पगार किती? आपण त्याला इतके सरावलोय की त्यात काही वावगं आहे असं वाटतही नाही. माझी मावसबहीण काही वर्षांपूर्वी हिंजवडीतून जर्मनीला गेली, तेव्हा व्हिडिओ कॉलवर तिलाही हेच विचारलं. तिने खरा आकडा सांगितला. समोरच्याने त्याचे युरो केले, वर बऱ्यापैकी वाढ दिली, आणि रुपयांत मोजल्यावर तिला ती रक्कम डोळे दिपवणारी वाटली. दीड वर्षाने कँटीनमध्ये जेवताना एका सहकाऱ्याच्या तोंडून सहज त्याचा पगार निघाला. टीम तीच, काम तेच, अनुभवही तेवढाच, आणि पगार मात्र तिच्यापेक्षा बराच जास्त. त्या रात्री ती फोनवर म्हणाली, "माझी किंमत मीच सांगून बसले गं."

युरोपीय संघाने २०२३ साली एक कायदा केला आहे. त्याचं नाव पगार पारदर्शकता डायरेक्टिव्ह. तो आपापल्या देशात लागू करण्यासाठी सदस्य देशांना ७ जून २०२६ ही मुदत दिली आहे. त्यात एक साधं वाक्य आहे: उमेदवाराला आधीचा पगार विचारायचा नाही. या वाक्यापर्यंत पोचायला युरोपला सहासष्ट वर्षं लागली. ती का लागली हे समजलं, की कामगारांचे हक्क नुसते जाहीर होण्यात आणि खरोखर हाती लागण्यात किती अंतर असतं तेही कळतं.

डायरेक्टिव्ह म्हणजे काय?

आपल्याकडे कामगार हा विषय केंद्र आणि राज्य दोघांच्या अखत्यारीत येतो. केंद्राने कामगार संहिता केली तरी तिचे बरेचसे नियम राज्यांनी बनवायचे असतात. डायरेक्टिव्ह साधारण तसंच असतं. काय साधायचं आणि कधीपर्यंत, हे २७ देश मिळून ठरवतात, आणि कसं साधायचं ते प्रत्येक देश आपल्या संसदेत कायदा करून ठरवतो. ठरलंय त्यापेक्षा जास्त द्यायला मुभा आहे, कमी द्यायला नाही.

या डायरेक्टिव्हमध्ये नोकरी शोधणाऱ्याला दोन गोष्टी मिळतात. एक वर आलीच. दुसरी म्हणजे पगार किती, किंवा कुठून कुठपर्यंत, हे कंपनीने आधीच सांगायचं, जाहिरातीत किंवा मुलाखतीपूर्वी, म्हणजे बोलणी करताना उमेदवार अंधारात राहणार नाही. नोकरीत असलेल्याला लेखी विचारता येईल, की माझा पगार कुठल्या पातळीवर आहे, आणि माझ्यासारखंच किंवा तितक्याच मोलाचं काम करणाऱ्या पुरुषांचा सरासरी पगार किती, बायकांचा किती. उत्तर दोन महिन्यांच्या आत द्यायचं. 'पगाराबद्दल कुणाशी बोलायचं नाही' असं कलम करारात घालून समान पगार मागणाऱ्याचं तोंड बंद करता येणार नाही. मोठ्या कंपन्यांना पुरुष आणि बायकांच्या पगारातला फरक अहवालातून कळवावा लागेल. कामाच्या एखाद्या गटात तो ५ टक्के किंवा त्याहून जास्त निघाला, त्याला पटणारं कारण देता आलं नाही आणि सहा महिन्यांत तो दुरुस्तही केला नाही, तर कामगार प्रतिनिधींसोबत बसून पगाररचना तपासावी लागेल.

पण समान पगाराचा हक्क तर आधीपासून होता ना?

होता, १९५७ पासून. रोमच्या करारावर सहा देशांनी सह्या केल्या त्यात ११९ वं कलम होतं: समान कामाला स्त्री-पुरुषांना समान पगार. हे कलम आलं ते कुणाला बायकांचा कळवळा आला म्हणून नव्हे. फ्रान्समध्ये समान वेतनाचा कायदा आधीच होता, आणि शेजारचे देश बायकांना कमी पगार देऊन स्वस्तात कापड विकतील अशी धास्ती फ्रेंच गिरणीवाल्यांना होती. अंमलबजावणी १९६२ च्या सुरुवातीपर्यंत व्हायची होती. ती वेळ येण्याआधीच, १९६१ च्या डिसेंबरात, सहाही सरकारांनी मुदत पुढे ढकलून टाकली.

मग बायकाच रस्त्यावर आल्या. बेल्जियममधल्या लिएजजवळ एर्स्टाल नावाचं गाव आहे, तिथे बंदुका बनवणारा एफएन हा मोठा कारखाना. तेलाने माखलेल्या यंत्रांवर तिथे बायका काम करत आणि त्यांना 'फाम-मशीन' म्हणत, म्हणजे यंत्रबाया. फेब्रुवारी १९६६ मध्ये तिथल्या सुमारे तीन हजार जणींनी काम बंद केलं आणि बारा आठवडे संप चालवला. मागणी ताशी पाच फ्रँक वाढीची होती, पदरात पडले पावणेतीन. आपल्याकडे गिरणगावाने संप पाहिलेत, त्यामुळे बारा आठवडे घर कसं चाललं असेल हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको. आकड्यात बघितलं तर ती अर्धीच जीत. पण त्या बायकांनी ११९ व्या कलमाची आठवण करून दिली, आणि तोवर ते कलम फारसं कुणाच्या गावी नव्हतं.

त्या संपाकडे एक वकीलबाई लक्ष ठेवून होत्या, एलियान व्होगेल-पोल्स्की. त्यांचं म्हणणं असं, की करारातलं कलम स्वयंपूर्ण आहे, देशाने वेगळा कायदा केला नसला तरी कामगार ते दाखवून थेट न्यायालयात जाऊ शकतो. हे सिद्ध करायला एक खटला हवा होता. तो गाब्रिएल डेफ्रेन यांच्या रूपाने मिळाला.

डेफ्रेन १९५१ पासून सबेना या बेल्जियन विमान कंपनीत हवाई सुंदरी होत्या. फेब्रुवारी १९६८ मध्ये त्यांना चाळीस वर्षं पूर्ण झाली आणि करारानुसार नोकरी संपली. त्याच विमानात, त्याच प्रवाशांना तेच जेवणाचे ट्रे देणाऱ्या पुरुष कर्मचाऱ्याला ही अट नव्हती, आणि पगारही जास्त होता. पेन्शनवरचा पहिला दावा त्या हरल्या. पगारावरचा दुसरा लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयापर्यंत गेला, आणि ८ एप्रिल १९७६ ला निकाल लागला: समान पगाराचं कलम थेट लागू होतं, खासगी कंपनीलासुद्धा. चाळिशीला काढून टाकण्याबद्दलचा तिसरा दावा त्या १९७८ मध्ये हरल्या. कलम पगारापुरतं आहे, निवृत्तीच्या वयाला लागू नाही, असं न्यायालयाने सांगितलं. अखेर त्यांच्या हाती आले १२,७१६ बेल्जियन फ्रँक. तीन दाव्यांतला एकच जिंकला, पण आज युरोपात समान वेतनाचा कुठलाही खटला त्या एका निकालापासूनच सुरू होतो.

हे वाचताना मुंबई आठवल्याशिवाय राहत नाही. आपला समान वेतन कायदाही त्याच १९७६ साली आला. एअर इंडियाच्या हवाई सुंदरींना तेव्हा पस्तिशीला, किंवा चार वर्षांच्या आत लग्न केलं तर, किंवा पहिल्या गरोदरपणात नोकरी सोडावी लागे. नर्गेश मिर्झा खटल्यात १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाचं कलम रद्द केलं, लग्नाचं मात्र राहू दिलं. इथेही अर्धीच जीत.

मग नव्या कायद्याची गरज काय पडली?

कारण पगार दिसत नाही. रेशनच्या दुकानात भावाचा फलक नसेल, तर दुकानदार जादा घेतोय हे तुम्हाला कळणार कसं? 'जादा भाव घेणं गुन्हा आहे' असा कायदा असूनही तुम्ही भांडणार कशाच्या जोरावर? समान पगाराचं नेमकं हेच होतं. हक्क पक्का, पण तो मोडला गेलाय हे कळायची सोय नाही. डेफ्रेन यांच्या काळी हवाई कर्मचाऱ्यांचे पगार ठरलेल्या तक्त्यांत असत, म्हणून फरक दाखवता आला. आज एकाच टीममधल्या पाच जणांचे पाच पगार असतात आणि प्रत्येकाने ते स्वतःपाशी ठेवायचे असतात.

न्यायालयाला हे लवकर उमगलं होतं. १९८९ मध्ये डेन्मार्कच्या डॅनफॉस कंपनीच्या खटल्यात त्याने म्हटलं, की पगार कसा ठरतो हेच कुणाला कळत नसेल आणि बायकांची सरासरी कमी भरत असेल, तर भेदभाव नाही हे कंपनीने सिद्ध करावं. तत्त्व चांगलं, पण त्यासाठी आधी कुणीतरी न्यायालयाची पायरी चढायला हवी. २०१४ मध्ये युरोपीय आयोगाने पारदर्शकतेची शिफारस केली. शिफारस म्हणजे विनंती. ती बहुतेकांनी वाचून बाजूला ठेवली.

ब्रुसेल्सच्या राजकारणाचा यात काय संबंध?

'युरोपने ठरवलं' असं आपण सहज म्हणतो, पण ठरवणारे तिघे असतात. प्रस्ताव मांडतो तो आयोग, म्हणजे संघाचं सरकार म्हणा हवं तर. प्रस्ताव मंजूर व्हायला दोघांची संमती लागते: लोकांनी थेट निवडलेली युरोपीय संसद, आणि सदस्य देशांच्या मंत्र्यांची परिषद. संसदेत आज ७२० खासदार आहेत, आणि ते देशानुसार नाही तर विचारांनुसार बसतात. पोर्तुगालचा समाजवादी जर्मनीच्या समाजवाद्याशेजारी, हरित पक्षाची डॅनिश खासदार हरित पक्षाच्या बेल्जियन खासदाराशेजारी. त्यामुळे 'माझ्या देशाचा फायदा किती' याच्या जोडीला 'माझ्या मतदार कामगाराचा फायदा किती' हाही प्रश्न तिथे विचारला जातो.

आयोगाने प्रस्ताव मांडला मार्च २०२१ मध्ये. त्यात पगाराचा अहवाल फक्त २५० किंवा जास्त कामगार असलेल्या कंपन्यांनी द्यायचा होता. संसद म्हणाली, नाही, ५० पासून. आयोगाने मर्यादा धरली होती ५ टक्के फरकाची, संसदेने मागितली अडीच टक्क्यांची. संसदेच्या वतीने दोन खासदार बोलणी करत होत्या, डेन्मार्कच्या किरा मारी पीटर-हॅन्सन आणि नेदरलँड्सच्या समीरा राफाएला. डिसेंबर २०२२ मध्ये तडजोड झाली: कंपनीची मर्यादा १०० वर आली, तीही टप्प्याटप्प्याने, आणि फरकाची मर्यादा ५ टक्केच राहिली. ३० मार्च २०२३ ला संसदेत ४२७ विरुद्ध ७९ मतांनी हे मंजूर झालं. ७६ जण तटस्थ राहिले.

मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. १०० ते २४९ लोकांच्या कारखान्यात काम करणारी बाई आज या कायद्याच्या कक्षेत आहे ती संसदेने २५० चा आकडा मान्य केला नाही म्हणून. ज्या कारखान्यात ९० जणी आहेत तिथे अहवालाची सक्ती नाही, कारण संसदेला ५० पर्यंत जाता आलं नाही. युरोपच्या निवडणुकीत कुणाला मत दिलं याने काय फरक पडतो असं म्हणणाऱ्याला हे आकडे दाखवावेत.

'बायका मुळात वेगळी कामं निवडतात, मग तुलना कशी?'

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो आणि त्यात थोडं तथ्यही आहे. २०२३ मध्ये युरोपीय संघात बायकांची ताशी सरासरी कमाई पुरुषांपेक्षा १२ टक्क्यांनी कमी होती. हा आकडा सगळ्या कामांची सरासरी आहे, एकाच खुर्चीवरच्या दोघांची तुलना नाही. जर्मनीत २०२४ साली हा फरक १६ टक्के होता. काम, शिक्षण, अनुभव वगैरे सारखे धरून मोजला तेव्हा तो ६ टक्क्यांवर आला. म्हणजे बराचसा फरक वेगळ्या कामांमुळे पडतो हे खरं. पण वेगळं काम स्वस्त का, हा प्रश्न उरतोच.

आपल्या शेतात बघा. गड्याची मजुरी वेगळी आणि बाईची वेगळी, हे अजून कितीतरी गावांत चालतं. विचारलं तर सांगतात, 'तो फवारणी करतो, ती खुरपणी.' खुरपणीत दिवसभर उकिडवं बसून पीक न दुखावता तण काढायचं असतं. त्यातलं कसब, पाठीवरचा ताण आणि चूक झाली तर होणारं नुकसान मोजायला बसलं, तर ती फवारणीपेक्षा हलकी कशी, हे सांगता येत नाही. ती स्वस्त आहे कारण ती बायका करतात. डायरेक्टिव्ह यालाच 'समान मोलाचं काम' म्हणतं आणि मोल ठरवायला चार मापं देतं: कौशल्य, कष्ट, जबाबदारी आणि कामाची परिस्थिती. रुग्णाला धीर देणं, रडणारं मूल सांभाळणं यांसारखी कौशल्यं कमी लेखायची नाहीत, हेही त्यात आहे.

'त्याला बोलणी जमली, तिला नाही. यात कंपनीचा काय दोष?'

जर्मनीत ड्रेस्डेनजवळच्या एका धातू कंपनीत अगदी हेच घडलं. विक्री विभागात एक पुरुष आणि एक बाई दोन महिन्यांच्या अंतराने लागले. दोघांनाही आधी ३,५०० युरो देऊ केले. त्याने घासाघीस करून ४,५०० घेतले, तिने ३,५०० वर सही केली. खालच्या न्यायालयांना यात गैर दिसलं नाही. जर्मनीच्या सर्वोच्च कामगार न्यायालयाने मात्र १६ फेब्रुवारी २०२३ ला सांगितलं, की 'त्याने जास्त मागितलं' हे भेदभावाचा संशय दूर करणारं कारण नव्हे. तिला सुमारे १४,५०० युरो थकबाकी आणि वर २,००० युरो भरपाई मिळाली.

यावर लगेच कुणी म्हणेल, म्हणजे चांगलं काम करणाऱ्याला जास्त द्यायचंच नाही का? द्यावं की. अनुभव, कामगिरी, कौशल्य या कारणांनी फरक चालतो. अट इतकीच, की माप सगळ्यांना एकच असावं आणि विचारल्यावर दाखवता यावं.

'पगार ही खासगी बाब आहे'

ही शंका मला सगळ्यात रास्त वाटते, कारण समतेच्या नावाखाली नागरिकाचं खासगीपण गेलं तर तो एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात घालण्याचा प्रकार होईल. पण कायदा शेजाऱ्याचा पगार सांगायला लावत नाही, गटाची सरासरी सांगायला लावतो. गटात एकच पुरुष असेल आणि सरासरी म्हणजे त्याचाच पगार होत असेल, तर ती माहिती फक्त कामगार प्रतिनिधी, कामगार निरीक्षक किंवा समता संस्थेला देण्याची तरतूद देशांना करता येते. माहिती मागणाऱ्या बाईने दावा करावा की नाही एवढा सल्ला ते तिला देतील, पगाराचा आकडा सांगणार नाहीत. आपला पगार आपण सांगायचा की नाही, हे मात्र आता कंपनी ठरवणार नाही. खासगीपण कामगाराचं असतं, त्याच्या आडून मालकाने तफावत लपवायची नसते.

'कंपन्यांना झेपेल का?'

१९७६ मध्ये डेफ्रेन खटल्यात ब्रिटन आणि आयर्लंडच्या सरकारांनी हीच भीती मांडली होती. न्यायालयाने ती थोडी मानलीही, आधीच दावा केलेले वगळता बाकीच्यांना मागच्या वर्षांची थकबाकी मागता येणार नाही असं ठरवलं. आपल्याकडे १९८७ साली मुंबईच्या ऑड्री डिकोस्टा या लघुलेखिकेच्या खटल्यात मॅकिनन मॅकेन्झी कंपनीनेही आर्थिक कुवतीचा मुद्दा काढला, तेव्हा सर्वोच्च न्यायालय जास्त ठाम राहिलं: परवडत नाही म्हणून बायकांना कमी पगार देता येणार नाही.

कागदपत्रांचा बोजा वाढेल हे खरंच आहे. म्हणून छोट्या कंपन्यांना अहवालातून वगळलंय, १५० ते २४९ कामगारांच्या कंपन्यांना तो तीन वर्षांतून एकदा द्यायचाय, आणि १०० ते १४९ वाल्यांना तर पहिला अहवाल २०३१ मध्ये द्यायचाय.

एखाद्या देशाने मुदत पाळलीच नाही तर?

आयोग त्या देशाला न्यायालयात खेचू शकतो. शिवाय १९९१ पासून आणखी एक वाट आहे. इटलीत कंपनी बुडाल्याने काही कामगारांचे पगार थकले, आणि अशा वेळी पगाराची हमी देणारं डायरेक्टिव्ह इटलीच्या सरकारने लागूच केलं नव्हतं. फ्रँकोविच नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या खटल्यात न्यायालयाने ठरवलं, की सरकारच्या अशा दिरंगाईने नुकसान झालं तर ते सरकारकडून भरून मागता येतं. वाट लांबची आहे, पण आहे.

बाहेरून गेलेल्यांना हे लागू आहे का?

कायदा पासपोर्ट विचारत नाही, नोकरी विचारतो. आधीच्या पगाराचा प्रश्न न विचारण्याचा नियम तर प्रत्येक उमेदवाराला लागू आहे, पुरुषांनाही. पुणे, नाशिक, नागपूरहून जाणाऱ्यांसाठी माझ्या मते या कायद्यातलं सगळ्यात मोलाचं काही असेल तर ते हेच. रुपयातल्या पगारावरून युरोतला पगार ठरवणं म्हणजे माणसाने गरीब देशात काम केलं याचा दंड त्याला पुढच्या प्रत्येक नोकरीत भरायला लावणं आहे.

मर्यादाही सांगायला हवी. समान पगाराचा भाग स्त्री-पुरुष भेदापुरता आहे. भारतीय पुरुषाला जर्मन पुरुषापेक्षा कमी मिळत असेल तर त्याला दुसऱ्या कायद्यांकडे जावं लागेल. बाईच्या बाबतीत मात्र ती बाई आहे आणि वरून परकी किंवा गव्हाळ वर्णाची आहे, असे दोन भेद एकात एक गुंतले असतील तर ते एकत्र विचारात घ्यावेत, असं या डायरेक्टिव्हमध्ये स्पष्ट लिहिलंय.

मावसबहिणीने मागच्या आठवड्यात मला कंपनीला द्यायच्या पत्राचा मसुदा वाचून दाखवला. तीनच ओळी आहेत. माझ्या पगाराची पातळी कळवावी. माझ्याइतक्याच मोलाचं काम करणाऱ्या स्त्रियांचा आणि पुरुषांचा सरासरी पगार वेगवेगळा कळवावा. पगार आणि वाढ कशावरून ठरते ते कळवावं. खाली तारीख. एकटीने पाठवायचं म्हणजे पोटात गोळा येतो म्हणाली, म्हणून तो बेत्रीब्झरात, म्हणजे कंपनीतल्या कामगार समितीच्या, मार्फत जाणार आहे. कायद्याने तेही चालतं. आणि टीममधल्या आणखी दोघी तिच्याबरोबर सही करणार आहेत.